फ्युसेन–श्वानगाऊ: राजवाडे, तलाव आणि डोंगरवाटा (माहितीचा धागा)

पाऊलवाट

युरोपच्या सहलींच्या धाग्यांवर नॉयश्वानस्टाइनबद्दल तेच ते प्रश्न येतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली असतात. म्हणून बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत असलेल्या या भागासाठी हा वेगळा धागा. फ्युसेन हे गाव, शेजारचं श्वानगाऊ, होहेनश्वानगाऊ आणि नॉयश्वानस्टाइन हे दोन राजवाडे, आणि आल्प्झे, श्वानझे, फॉर्गेनझे, होप्फेनझे, वाइसनझे, आलाट्झे हे तलाव. हे सगळं फ्युसेनपासून फार तर पंधरा किलोमीटरच्या आत आहे.

आधी माझं मत सांगतो, मग तपशील. बहुतेक लोक म्युनिकहून सकाळी येतात, राजवाडा बघतात, जवळच्या मारिएनब्रुके पुलावर राजवाड्याचे फोटो काढतात आणि परत जातात. त्यात अख्खा दिवस जातो, त्यातला निम्मा वेळ रांगेत आणि प्रवासात. राजवाड्याच्या आतला दौरा अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. या भागाचं खरं वैभव पाणी आणि डोंगर हे आहे. त्यासाठी फ्युसेनमध्ये किमान दोन रात्री काढाव्यात.

थोडी पार्श्वभूमी. होहेनश्वानगाऊ हा पिवळा राजवाडा युवराज मॅक्सिमिलियनने जुन्या पडक्या गढीच्या जागी १८३३ ते १८३७ मध्ये बांधून घेतला. त्याचा मुलगा दुसरा लुडविग इथेच लहानाचा मोठा झाला. समोरच्या कड्यावर त्याने नॉयश्वानस्टाइन सुरू केला, पायाभरणी ५ सप्टेंबर १८६९ ची. आराखड्याची मूळ चित्रं क्रिस्टियान यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराची आहेत, आणि राजवाड्याकडे बघताना ते जाणवतंच. १३ जून १८८६ रोजी लुडविगचा मृत्यू झाला आणि १ ऑगस्टला, म्हणजे सात आठवड्यांत, राजवाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. बांधकाम पूर्ण कधीच झालं नाही. जुलै २०२५ मध्ये नॉयश्वानस्टाइन, लिंडरहोफ, शाखन आणि हेरेनकीमझे या लुडविगच्या चार वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यामुळे गर्दी कमी होण्याची आशा ठेवू नका.

सह्याद्रीतले गड डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्यांसाठी: इथे तट, बुरुज, माची यांचा लढाईशी काही संबंध नाही. विटांचं बांधकाम आणि त्यावर चुनखडीच्या फिक्या दगडाचं आवरण. आत प्रत्येक मजल्यावर वाहतं पाणी, गरम हवेने खोल्या उबदार ठेवायची सोय, विजेवरच्या घंटा, अगदी टेलिफोनसुद्धा. १८८० च्या दशकातलं आधुनिक घर आहे ते, फक्त वेश मध्ययुगाचा.

नकाशावेडा

चांगला धागा. तिकिटाचं गणित मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

दोन्ही राजवाड्यांची तिकिटं होहेनश्वानगाऊ गावातल्या एकाच तिकीट केंद्रातून मिळतात. हे केंद्र खाली गावात आहे, वर राजवाड्याच्या दाराशी तिकीट मिळत नाही. चाळीस मिनिटं चढून गेल्यावर हे कळलं तर पुन्हा खाली यावं लागतं. ऑनलाइन घेतल्यास दर तिकिटामागे थोडं आरक्षण शुल्क पडतं, ते खुशाल द्या. जून ते सप्टेंबर, नाताळच्या आसपास आणि शनिवार-रविवारी चांगल्या वेळा बऱ्याच आधी संपतात. त्याच दिवशीची थोडी तिकिटं खिडकीवर असतात, पण त्यासाठी केंद्र उघडायच्या आधी रांगेत असावं लागतं.

तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती मिनिटाची असते. आतल्या चौकात फलकावर तुमचा दौरा क्रमांक लागला की त्याच वेळेत फाटक उघडतं. पाच मिनिटं उशीर झाला तर तिकीट गेलं, पैसे परत नाहीत, पुढच्या गटात घेत नाहीत. उन्हाळ्यात दिवसाला सहा हजारांच्या वर माणसं आत जातात, त्यामुळे कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालून काही होत नाही.

म्हणून वेळ निवडताना उलटं मोजा. समजा दौरा दुपारी २ चा आहे:

- १:४५ ला राजवाड्याच्या चौकात.
- १:३० ला मारिएनब्रुके पुलावरून खाली निघायचं. उतरायला दहा-पंधरा मिनिटं.
- पूल आणि फोटोंसाठी अर्धा तास. पुलावर एका वेळी किती माणसं असावीत यावर नियंत्रण असलं तर तिथेही रांग लागते.
- गावातून वर जाणाऱ्या बससाठी रांग धरून अर्धा तास.
- म्हणजे होहेनश्वानगाऊ गावात १२:३० च्या आधी पोचायला हवं.

फोटो आत काढू देत नाहीत. मोठी पाठपिशवी आणि बाबागाडी आत चालत नाही, त्या ठेवण्याची व्यवस्था आधीच शोधा. शौचालयाला खालीच जाऊन या, कारण दौऱ्यात मधे थांबता येत नाही. सुट्टी १ जानेवारी, २४, २५ आणि ३१ डिसेंबर. बाकी वर्षभर उघडा, उन्हाळ्यात ९ ते ६, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत १० ते ४.

अठरा वर्षांखालच्या मुलांना नॉयश्वानस्टाइन फुकट आहे, पण त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट आरक्षणात घालावं लागतं. ते राहून जातं आणि मग फाटकावर अडचण येते. होहेनश्वानगाऊचं तसं नाही. तो राजघराण्याच्या मालमत्ता निधीकडे आहे, तिथे शाळकरी मुलांना सवलतीचं का होईना पण तिकीट लागतं.

अबोली

आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी वर जायच्या तीन पर्यायांची तुलना कुणी लिहील का? गुडघेदुखी असलेल्यांना बस बरी की घोडागाडी?

शेवंती_म

अबोली, याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. घोडागाडी बरी.

बस होहेनश्वानगाऊहून निघून राजवाड्याच्या *वर*, पुलाजवळच्या युगेंड या ठिकाणी सोडते. तिथून राजवाड्यापर्यंत डांबरी पण चांगलाच तीव्र उतार आहे. तरुणांना काही वाटत नाही, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढापेक्षा उतार जड जातो. घोडागाडी राजवाड्याच्या *खाली* थांबते आणि तिथून साधारण साडेचारशे मीटर चढ उरतो. तो सावकाश, थांबत थांबत चढता येतो. वाटेत टेकायला जागा आहे.

घोडागाडीला आरक्षण नाही. चढायची जागा म्हणजे होहेनश्वानगाऊमधलं म्युलर हॉटेल. पैसे गाडीवानाला रोख द्यायचे. गाडी भरली की निघते, त्यामुळे दौऱ्याच्या किमान दीड तास आधी रांगेत राहा. चालत गेलात तर दीड किलोमीटर, तीस ते चाळीस मिनिटं, रस्ता पक्का.

बर्फ किंवा निसरडं झालं की बस बंद होते. घोडागाडी बहुधा चालू असते. नोव्हेंबर ते मार्च जाणाऱ्यांनी बस धरूनच बेत आखू नये.

आणि आतल्या पायऱ्या विसरू नका. दौऱ्यात चढ-उतार मिळून सुमारे साडेतीनशे पायऱ्या होतात, त्याही बऱ्याचशा गोल जिन्याच्या. चाकाची खुर्ची किंवा अजिबात पायऱ्या न चालणाऱ्यांसाठी उद्वाहक आहे, पण तिकीट काढतानाच तसं कळवावं लागतं. जागेवर जाऊन मागितला तर मिळेलच असं नाही.

बाबांना खूप त्रास असेल तर सरळ होहेनश्वानगाऊ राजवाडा निवडा. चढ कमी, गर्दी निम्म्याहून कमी, आणि घर म्हणून तो जास्त जिवंत वाटतो. त्याच्या खोल्यांमध्ये राजघराणं खरोखर राहिलेलं आहे. नॉयश्वानस्टाइनमध्ये सिंहासन-दालन आहे पण सिंहासन कधी बसलंच नाही.

दुर्गभ्रमर

शेवंतीताईंशी सहमत, तरी नॉयश्वानस्टाइन आतून बघायचाच असेल तर नजर कुठे ठेवायची ते सांगतो. दौरा घाईचा असतो, आधी माहीत असलं तर दिसतं.

सिंहासन-दालनात सगळे छताकडे आणि मुकुटाच्या आकाराच्या झुंबराकडे बघतात (वजन सुमारे ९०० किलो, देखभालीसाठी ते वरून यंत्राने खाली सोडता येतं). तुम्ही जमिनीकडेही बघा. दगडाच्या वीस लाखांहून जास्त तुकड्यांचं जडावकाम आहे, त्यात प्राणी आणि झाडं. शयनगृहातल्या पलंगावरचं लाकडी कोरीवकाम गॉथिक मनोऱ्यांसारखं वर चढत जातं. चौदा सुतार साडेचार वर्षं त्यावर होते असं सांगितलं जातं. तिथल्या हात धुण्याच्या जागी हंसाच्या आकाराचा नळ आहे, तो गटातल्या मागच्या माणसांना दिसतच नाही, म्हणून त्या खोलीत शिरताना पुढे राहा. दिवाणखाना आणि अभ्यासिका यांच्यामध्ये चक्क एक कृत्रिम गुहा आहे. शेवटी वरच्या मजल्यावर गायकांचं दालन. लुडविग असेपर्यंत तिथे कधीच मैफल झाली नाही.

शेवटी स्वयंपाकघरातून बाहेर पडता, तिथे लोक पळतात. पळू नका. फिरते भाजण्याचे सळ, गरम पाण्याची सोय, ताटं गरम ठेवायचं कपाट, सगळं शाबूत आहे.

साहित्याचा अंदाज यावा म्हणून: १८७९–८० या एकाच काळात साल्झबुर्गचा ४६५ टन संगमरवर आणि न्युर्टिंगनचा १,५५० टन वालुकाश्म वर चढवला गेला. वाफेवर चालणारी यारी होती, तरी त्या कड्यावर हे काम म्हणजे कमालच.

नकाशावेडा

प्रकाशाबद्दल एक भर, फोटोवाल्यांसाठी. मारिएनब्रुके राजवाड्याच्या दक्षिणेला आहे, म्हणजे पुलावरून तुम्ही उत्तरेकडे बघता आणि ऊन तुमच्या पाठीशी असतं. दुपारनंतर पश्चिमेची बाजू उजळते आणि मागची कुरणं, फॉर्गेनझेचं पाणी वेगळं दिसू लागतं. उलट, सपाटीवरच्या सेंट कोलोमन या चर्चकडून राजवाडा दक्षिणेला येतो, भर दुपारी तो काळसर पडतो. तिथे उन्हाळ्यात अगदी सकाळी किंवा संध्याकाळी उशिरा जा. लाल विटांचं प्रवेशद्वार पूर्वेला आहे, ते सकाळी.

पूल सुमारे ९० मीटर उंचीवर प्योलाट नदीच्या घळीवर आहे. लुडविगच्या वडिलांनी तिथे लाकडी पूल बांधला आणि राणी मारीचं नाव दिलं. लोखंडी पूल लुडविगने केला. पुलाच्या फळ्यांमधून खालचं दिसतं, उंचीची भीती असणाऱ्यांना आधी सांगा. पुलापलीकडे डोंगरात एक पायवाट चढते. त्या बाजूला कुंपण ओलांडून कड्यावर जाऊ नये, तिथे मातीवरची मुळं ओली असतात आणि खाली थेट घळ आहे. बर्फ पडला की पूल बंद. घळीतली प्योलाट वाटही दरड कोसळल्यामुळे वर्षानुवर्षं बंद राहिलेली आहे. गावातला फलक बघूनच त्या वाटेने उतरायचं ठरवा. ड्रोनला मनाई आहे.

गवतफुला

आता पाण्याकडे वळू का? :)

आल्प्झे हा होहेनश्वानगाऊच्या पायाशी असलेला तलाव, तिकीट केंद्रापासून पाच मिनिटांवर. राजवाड्याच्या रांगेतले बरेच लोक तिथवर येतच नाहीत. प्रदक्षिणा जवळपास ५ किलोमीटर, दीड ते दोन तास. वाट पूर्ण सपाट नाही. मुळं, पायऱ्या, काही ठिकाणी पाण्यापासून बरंच वर चढणारी वाट. बाबागाडी घेऊन पूर्ण फेरी होत नाही, पाठीवर घेण्याची पिशवी आणा. उत्तर काठावर पिंडारप्लाट्झ ही कड्यावरची उघडी जागा आहे. समोर सगळा तलाव आणि पलीकडे टायरोलचे डोंगर. एवढंच करायला वेळ असेल तर एवढंच करा.

तलाव ६२ मीटर खोल, त्यामुळे पाणी जुलैतही थंड. पोहायला आल्प्झेबाड म्हणून जागा आहे, तिथूनच उतरा. काठ लगेच खोल होतो. वल्ह्याच्या आणि पायडलच्या होड्या तासावर मिळतात, इंजिनाची एकही बोट नाही. म्हणूनच तिथे इतकी शांतता आहे.

वेळ उरला तर तलावाजवळच बव्हेरियाच्या राजांचं संग्रहालय आहे, २०११ पासूनचं. पाऊस पडला तर तासभर चांगला जातो.

श्वानझे आणखी लहान. होहेनश्वानगाऊवरून चालत फ्युसेनला परत जाताना श्वानझेच्या उद्यानातून वाट जाते. उद्यानाची आखणी पेटर योझेफ लेने या प्रशियाच्या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराची. परतीची बस सोडून ही वाट धरा, तासाभरात फ्युसेन, आणि शेवटी लेखफाल धबधबा लागतो.

पाऊलवाट

लेखफालबद्दल थोडं: दिसायला धबधबा, पण तो माणसाने केलेला बांध आहे. मोठ्या पुरानंतर १७८४ ते १७८७ मध्ये बांधला, पाच टप्पे, सुमारे १२ मीटर. पादचारी पुलावरून बघायचा. मे-जूनमध्ये बर्फ वितळत असताना पाणी सर्वात जोरात, शरद ऋतूत हिरवंनिळं आणि शांत. १२५ किलोमीटरची लेखवेग ही पायवाट ऑस्ट्रियातल्या फोरमारिनझेपासून निघून इथेच संपते.

तिथून लेख नदीच्या वरच्या अंगाला थोडं चालत गेलात की त्सीगेलवीसला झाडांच्या शेंड्यांवरून जाणारी वाट आहे. जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब, २१ मीटरपर्यंत उंच, आणि मधेच जर्मनी-ऑस्ट्रियाची सीमा ओलांडते. मुलांना हे राजवाड्यापेक्षा जास्त आवडतं. हिवाळ्यात बंद.

सायकलवाला

फॉर्गेनझे. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण चुकीच्या महिन्यात जाऊन लोक निराश होतात.

हा नैसर्गिक तलाव नाही. लेख नदीवर रॉसहाउप्टेनजवळ बांध घालून १९५४ मध्ये झालेला जलाशय आहे. १५ चौरस किलोमीटरच्या वर पसारा, म्हणजे पसाऱ्याने जर्मनीतला सर्वात मोठा कृत्रिम तलाव. फॉर्गेन नावाची वस्ती पाण्याखाली गेली, तिचंच नाव तलावाला. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची आठवण असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

गोष्ट अशी की तो दरवर्षी रिकामा करतात. हिवाळ्यात डोंगरात पाणी गोठतं, लेखचा प्रवाह घटतो आणि खालच्या वीजकेंद्रांना पाणी कमी पडतं. म्हणून तलावातलं साठवलेलं पाणी हळूहळू सोडतात. वसंतात बर्फ वितळलं की रिकाम्या जागेत पूर सामावतो. त्यामुळे १ जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तलाव भरलेला, बाकी काळात पातळी घसरत जाते. एप्रिलमध्ये गेलात तर तलावाच्या जागी करड्या गाळाचं मैदान आणि मधून वाहणारी नदी. ते बघण्यासारखं असतं, जुन्या रोमन रस्त्याच्या, व्हिया क्लाउडिया आउगुस्टाच्या खुणाही तेव्हा उघड्या पडतात. पण तळाच्या आत चालत जाऊ नका. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली मऊ असतो, पाय रुततो. २०१८ मध्ये बांधाच्या दुरुस्तीमुळे तलाव उन्हाळाभर भरलाच नव्हता, तेव्हा मोठं काम असेल तर आधी बातमी बघणं बरं.

बोटी १ जून ते १५ ऑक्टोबरच्या आसपास. लहान फेरी सुमारे ५५ मिनिटांची, मोठी दोन तासांची. मोठीच घ्या. लहान फेरी दक्षिण भागातच फिरते. सायकल बोटीवर नेता येते, थोडे जादा पैसे पडतात. जागा मर्यादित असते.

सायकल प्रदक्षिणा सुमारे ३२ किलोमीटर. साध्या सायकलने थांबे धरून तीन-साडेतीन तास, बॅटरीच्या सायकलने अडीच. दिशा महत्त्वाची. फ्युसेनच्या बोटधक्क्यावरून निघून *पश्चिम काठाने* ओस्टररायनन, डीट्रिंगन करत रॉसहाउप्टेनच्या बांधापर्यंत जा आणि पूर्व काठाने परत या. चढउतार बरेचसे पश्चिम आणि उत्तर बाजूला आहेत, ते ताज्या पायांनी होतात. परतताना ब्रुनन, वाल्टनहोफनची सपाट कुरणं, आणि राजवाडे तोंडासमोर. उलट दिशेने गेलात तर ते सगळं पाठीमागे.

काय बिघडतं: दुपारी पूर्ण उघड्यावर ऊन लागतं, पाणी किमान दोन बाटल्या. खडी असलेल्या तुकड्यांवर बारीक टायर घसरतात, भाड्याने घेताना रुंद टायर मागा. घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, आसनाची उंची जागेवरच बसवून घ्या. कुरणांतून जाताना गुरांसाठी लोखंडी जाळीचे पट्टे असतात, त्यावरून सरळ आणि न वळता जा. ओले असताना तिरपं चाक गेलं की पडायला होतं. मुलं थकली तर मधल्या धक्क्यावरून बोटीने परत येता येतं, तेवढं वेळापत्रकाचं चित्र मोबाइलमध्ये ठेवा.

अबोली

शेवंतीताई, आभार, घोडागाडी पक्की. सायकलवाल्या दादांनी दिशा सांगितली ते तर फारच उपयोगी. पोहायला फॉर्गेनझे चांगला की दुसरा कुठला?

गवतफुला

पोहायला होप्फेनझे. उथळ असल्यामुळे लवकर तापतो, आल्प्सच्या पायथ्याच्या उबदार तलावांत त्याची गणना होते. काठाने सात किलोमीटरची सपाट फेरी, इथे बाबागाडी चालते. वाइसनझे थोडा खोल आणि जास्त नितळ.

आलाट्झेकडे मात्र वेगळ्या कारणासाठी जा. जंगलात, डोंगराच्या कुशीत लहानसा गोल तलाव. साधारण पंधरा मीटर खोलीवर जांभळ्या गंधक-जिवाणूंचा थर आहे, त्याखाली प्राणवायू नाही. वरचं आणि खालचं पाणी नीट मिसळत नाही म्हणून तो थर टिकून राहतो. लोककथांमधला रक्ताचा तलाव तो हाच. वरून रंग दिसत नाही, पाणी हिरवं आणि स्वच्छच दिसतं. पाणबुड्यांनी खोल उतरण्याला बंदी आहे. काठावर पोहायला हरकत नाही. फेरी अर्ध्या-पाऊण तासाची.

दुर्गभ्रमर

टेगेलबर्ग राहिला. श्वानगाऊजवळच्या खालच्या स्थानकातून रोपवेने सतराशे मीटरच्या वर पोचता. ब्रांडरश्रोफन हे शिखर १,८८१ मीटर. वरच्या स्थानकापासून शिखरापर्यंत साधारण तासाभराची चढण, शेवटचा टप्पा कातळाचा आणि तारेला धरून जायचा. ज्यांना उंचीचा त्रास होतो त्यांनी खाली थांबावं. स्थानकाच्या आसपासही दृश्य तेवढंच मोठं आहे: एका बाजूला सपाटीवरचे सगळे तलाव, दुसऱ्या बाजूला आल्प्स.

वरून मारिएनब्रुकेपर्यंत पायी उतरता येतं, दोन ते अडीच तास, सुमारे सातशे मीटर उतार. वाटेत राजवाडा वरून दिसतो, जे फार थोड्या जणांना बघायला मिळतं. पण ही बागेतली वाट नव्हे. घोट्याला आधार देणारे बूट हवेत, चुनखडीचा ओला दगड साबणासारखा होतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर रोपवेनेच उतरा. राजवाड्याचं तिकीट त्याच दिवशी असेल तर या वाटेच्या शेवटी ठेवू नका, वेळ सांगता येत नाही.

पिवळ्या पाट्यांवर वेळ आणि वाटेचा दर्जा लिहिलेला असतो: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळी पाऊस पटकन येतो, म्हणून पहिल्या केबिनने वर आणि दोनच्या आत खाली. वारा वाढला की केबिन बंद होतात. मग पायीच उतरायचं. आपत्कालीन क्रमांक ११२.

खालच्या स्थानकापाशी मुलांसाठी उतारावरची स्टीलची घसरगाडी आहे. दांडा ओढला की ब्रेक. पाऊस आला की लगेच बंद करतात. तिथेच रोमन काळातल्या स्नानगृहाचे अवशेष जपून ठेवलेत, पाच मिनिटं काढा.

शेवंती_म

खाण्याचं, शाकाहारी मंडळींसाठी. केसश्पात्सन हा आल्गॉय भागाचा पदार्थ: अंड्याच्या मऊ शेवया, डोंगरी चीज आणि वर तळलेला कांदा. अंडं चालत असेल तर पोटभरीचा. काही ठिकाणी उग्र वासाचं चीज मिसळतात, आधी विचारा. फसवणारे पदार्थ दोन. धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप निरागस दिसतं, पण रस्सा बहुधा गोमांसाचा असतो. पावाचे वाफवलेले गोळे, झेमेलक्न्योडल, यात कधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. "ओने फ्लाइश, ओने श्पेक" (मांस नको, डुकराचं मांस नको) एवढं म्हटलं की काम होतं. कडक शाकाहारी असाल तर बऱ्याच चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध साकळवायचा पदार्थ) असतं हेही लक्षात असू द्या. काइझरश्मारन, म्हणजे तुकडे केलेलं जाड गोड धिरडं, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर, मुलांचं जेवण होऊन जातं. त्यातही अंडं आहेच.

डोंगरातल्या कुटिरांत रोख पैसे ठेवा. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच फळं, दही, पाव घेऊन ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. कारंज्यावर "काइन ट्रिंकवासर" लिहिलं असेल तर पिऊ नका.

कडेलोट

सगळं छान, पण ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांचं काय? म्युनिकहून एका दिवसात होतंच की. बायर्न-तिकिटावर (बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट) पाच जणांचा गट स्वस्तात जातो.

नकाशावेडा

होतं, पण गणित करा. बायर्न-तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला पहाटेपासून. म्युनिक ते फ्युसेन साधारण दोन तास, काही गाड्या थेट, काही बुखलोए किंवा काउफबॉयरनला बदलाव्या लागतात. म्हणजे कामाच्या दिवशी फ्युसेनला ११:३० च्या आसपास. स्थानकासमोरून ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस, दहा मिनिटं. या बसला तेच तिकीट चालतं. राजवाड्याच्या डोंगरी बसला चालत नाही. गाडीतून उतरलेले सगळे त्याच बसकडे धावतात, पहिली भरली तर पुढची. त्यामुळे दोनच्या आधीचा दौरा घेऊ नका, अडीच उत्तम.

मग क्रम असा: बारापर्यंत गाव, आधी आल्प्झेच्या काठाने पिंडारप्लाट्झ आणि परत, डबा तिथेच खायचा, मग वर पूल, अडीचला राजवाडा, चालत खाली, साडेपाचच्या सुमाराला फ्युसेन. एवढ्यात तलाव चाखता येतो. शनिवार-रविवारी लवकरची गाडी पकडली तर आणखी दोन तास हाती येतात. डॉइचलांड-तिकीट (देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) असणाऱ्यांना ९ ची अट नाही. दोन्ही तिकिटं आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाहीत.

बायर्न-तिकिटावर प्रवाशांची नावं पेनाने लिहायची असतात, मोबाइलवर असेल तर आधी भरायची. ओळखपत्र जवळ हवं.

पाऊलवाट

फ्युसेनमध्ये राहणाऱ्यांना मुक्कामाच्या जागेकडून पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर परिसरातल्या बस फुकट. काउंटरवर स्वतःहून मागून घ्या. त्या बदल्यात पर्यटन कर बिलात असतोच.

गावासाठी अर्धा दिवस ठेवा. होहेस श्लॉस या जुन्या गढीच्या चौकातल्या खिडक्यांच्या कडा आणि सज्जे चक्क रंगवलेले आहेत, जवळ गेल्याशिवाय खोटे वाटत नाहीत. सेंट मांग मठात १६०२ चं मृत्यूनृत्याचं चित्र: पोपपासून लहान मुलापर्यंत वीस जणांना मृत्यू हात धरून नेतो. इथेच फ्युसेनच्या ल्यूट (एक जुनं तंतुवाद्य) आणि व्हायोलिन बनवणाऱ्यांचा इतिहास मांडलाय. १५६२ मध्ये इथे ल्यूट बनवणाऱ्यांचा संघ होता, युरोपातला पहिला.

दुर्गभ्रमर

तिसरा दिवस मिळाला तर दोन पर्याय. वीसकिर्खे: श्टाइनगाडनजवळ कुरणात एकटं उभं रोकोको चर्च, १७४५–५४, त्सिमरमान बंधूंचं, १९८३ पासून जागतिक वारसा. फ्युसेनहून बस आहे पण फेऱ्या थोड्या. उतरल्या उतरल्या परतीची वेळ टिपून घ्या. प्रार्थना चालू असताना आत फिरू देत नाहीत.

दुसरा लिंडरहोफ. लुडविगने पूर्ण केलेला एकमेव राजवाडा, १८७८ चा. तिथली व्हीनसची गुहा अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये पुन्हा उघडली. फ्युसेनहून बस बदलत जावं लागतं, पूर्ण दिवस धरा. नॉयश्वानस्टाइन आणि लिंडरहोफ एकाच दिवशी सार्वजनिक वाहनाने करू नका. मोटार असेल तर जमतं, वाट ऑस्ट्रियातल्या प्लानझे तलावावरून जाते. पण दोन राजवाडे सलग बघितले की डोक्यात सगळं सोनेरी एकत्र होतं, प्लानझेच्या काठावर थांबायला वेळ उरत नाही.

सायकलवाला

सीमेपलीकडे रॉयटेजवळ हायलाइन १७९ झुलता पूल आहे, ४०६ मीटर लांब, सुमारे ११४ मीटर उंच, एरेनबर्गच्या पडक्या गढीला जोडलेला. जाळीतून खालचा महामार्ग दिसतो. शेंगेनच्या आत असल्यामुळे व्हिसाचा वेगळा प्रश्न नाही, पण मूळ पासपोर्ट जवळ बाळगा. झेरॉक्सवर भागत नाही. आल्प्झेच्या प्रदक्षिणेत आणि त्सीगेलवीसच्या वाटेवरही तुम्ही सीमेच्या अगदी लगत असता, तेव्हा तो खोलीवर ठेवून फिरू नये.

मोटारीने जाणाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या महामार्गासाठी विन्येट (टोलचं स्टिकर) लागतं का ते रस्त्यानुसार बघा. फ्युसेनहून रॉयटेला गावरस्त्याने गेलात तर लागत नाही.

अबोली

बेत ठरला: पहिला दिवस आल्प्झे आणि होहेनश्वानगाऊ, दुसरा दिवस आई-बाबा बोटीवर आणि आम्ही सायकलवर, रॉसहाउप्टेनच्या धक्क्यावर भेट. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. पाण्याची पातळी तेव्हा पूर्ण असेल ना?

सायकलवाला

हो, सप्टेंबरात तलाव भरलेला असतो आणि बोटीही चालू. फक्त संध्याकाळ लवकर गार होते, बोटीच्या वरच्या डेकवर आई-बाबांसाठी वाऱ्याचं जाकीट आणि कानटोपी ठेवा. धक्क्यावर भेटायचं असेल तर सायकलने बोटीच्या किमान एक तास आधी निघा. पश्चिम काठाचे चढ आहेत, आणि बोट वेळेवर सुटते.

शेवंती_म

आणि अबोली, होहेनश्वानगाऊचंही तिकीट वेळेचंच असतं हं. आजच आरक्षण करून टाका, सकाळी दहा-साडेदहाची वेळ मागा. दौरा पाऊण तासाचा, नंतर बाबांना सावलीतल्या बाकावर बसवून तुम्ही पिंडारप्लाट्झपर्यंत जाऊन या.